आमदारांमार्फत विधिमंडळात प्रश्न कसा लावावा : निराधारांचे अनुदान, घरचा कचरा आणि इतर बाबी

मराठवाड्यातून विधानसभेवर ४६ आमदार निवडून जातात. शिवाय विधान परिषदेत विभागाच्या शिक्षक, पदवीधर आणि स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघांतून सदस्य निवडून जातात. यांपैकी प्रत्येकाला शासनाला प्रश्न विचारण्याचा आणि त्याचे लेखी वा तोंडी उत्तर मागण्याचा अधिकार आहे. तरीही आमदारांच्या कार्यालयात येणारी बहुतेक निवेदने रस्ता, सभामंडप किंवा बदली यांचीच असतात. ‘आमच्या तालुक्याविषयी अमुक प्रश्न सभागृहात विचारावा’ असे सांगणारे निवेदन क्वचितच येते, आणि आले तरी ते इतके मोघम असते की त्यातून प्रश्न तयार करणे स्वीय सहायकाला शक्य होत नाही. निराधारांचे थांबलेले अनुदान, गावाबाहेर साचलेला कचरा किंवा तत्सम सार्वजनिक धोरणाचा विषय सभागृहापर्यंत नेऊ पाहणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी, सरपंचांसाठी आणि पत्रकारांसाठी हे मार्गदर्शन आहे.

प्रश्नामुळे अन्याय लगेच दूर होतो, असे मानू नये. प्रश्नाचे खरे मोल हे की शासनाला एखादी संख्या, एखादी तारीख किंवा एखादे कारण छापील स्वरूपात द्यावे लागते आणि ते पुढे कोणालाही पडताळून पाहता येते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय याचे ठळक उदाहरण आहे. ही चर्चा गावोगाव होती, वर्तमानपत्रांतही आली होती. पण जून २०१९ मध्ये विधान परिषदेत हा विषय निघाला, तेव्हा तीन वर्षांत जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचा आकडा आरोग्यमंत्र्यांनी दिला. त्यानंतर चौकशी समितीचे काम झाले आणि अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधनही आले. अंदाजाने बोलले जात होते तोवर जबाबदारी कोणाचीच नव्हती. आकडा नोंदला गेल्यावर ती टाळणे अवघड झाले.

प्रश्न कोणत्या सभागृहाचा, कोणत्या खात्याचा

सर्वांत आधी विषय राज्याचा आहे की केंद्राचा, हे ठरवावे. ‘पेन्शन’ या एकाच शब्दाखाली निदान तीन वेगळे विषय येतात आणि त्यांची गल्लत झाली की प्रश्न पहिल्याच टप्प्यावर बाद होतो. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना या राज्याच्या योजना असून त्या सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाकडे आहेत, त्यामुळे त्यांचा प्रश्न विधिमंडळात लागतो. साखर कारखाना, एसटी महामंडळ किंवा सूतगिरणीतून निवृत्त झालेल्यांचे ईपीएस-९५ (भविष्य निर्वाह निधीशी जोडलेली १९९५ ची कर्मचारी निवृत्तीवेतन योजना) खालील निवृत्तीवेतन, ज्याची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १,००० रुपये आहे, हा मात्र केंद्रीय श्रम मंत्रालयाचा विषय आहे. त्यासाठी खासदारांकडे जावे. आमदारांना तो विचारायला लावल्यास ‘ही बाब केंद्र शासनाच्या अखत्यारीतील आहे’ यापलीकडे काही हाती लागत नाही. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर सेवेत आलेल्या राज्य कर्मचाऱ्यांच्या जुन्या निवृत्तीवेतनाचा विषय वित्त विभागाचा आहे. त्यातील एक पोटप्रश्न, म्हणजे त्या तारखेपूर्वी नियुक्ती होऊनही शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळाल्याने अडकलेले शिक्षक, हा शिक्षक मतदारसंघाच्या सदस्यांनी वर्षानुवर्षे हाताळलेला आहे. अशा विषयासाठी गावच्या आमदारांपेक्षा ते सदस्य अधिक उपयोगी पडतात, कारण आधीची प्रश्नोत्तरे त्यांच्या कार्यालयात तयार असतात.

कचऱ्याचे तसेच आहे. महापालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीतील कचरा नगरविकास विभागाकडे, ग्रामपंचायतीचा ग्रामविकास किंवा पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाकडे, आणि कचरा डेपोतून विहिरीत झिरपणाऱ्या घाण पाण्याचा भाग पर्यावरण विभागाकडे जातो. एकाच प्रश्नात तिन्ही भाग कोंबले तर तो या खात्याकडून त्या खात्याकडे फिरत राहतो आणि अधिवेशन संपते. तीन वेगळे प्रश्न करावेत, हवे तर तीन वेगळ्या सदस्यांकडून.

आपले आमदार मंत्री असतील, आणि मराठवाड्यात हे वारंवार घडते, तर त्यांच्यामार्फत प्रश्न लावता येत नाही. उत्तर देणाऱ्यांनी प्रश्न विचारण्याची पद्धत नाही. शेजारच्या मतदारसंघातील आमदार किंवा परिषदेतील सदस्य यांच्याकडे जाण्यात काही वावगे नाही. पक्षाचा विचार इथे फारसा करू नये. विरोधी सदस्य आवेशाने बोलतात हे खरे, पण सत्ताधारी सदस्याच्या प्रश्नावर खाते अनेकदा अधिक सविस्तर उत्तर देते. एका प्रश्नाखाली अनेक सदस्यांची नावे असू शकतात, त्यामुळे दोन्ही बाजूंचे सदस्य मिळाले तर उत्तमच.

तारांकित की अतारांकित

बैठकीचा पहिला तास प्रश्नोत्तराचा असतो. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला केवळ लेखी उत्तर मिळते. प्रत्येकाला आपला प्रश्न तारांकित हवा असतो, कारण त्याची बातमी होते. पण त्या एका तासात यादीतील सुरुवातीचे थोडेच प्रश्न पुकारले जातात आणि उरलेल्यांची केवळ लेखी उत्तरे छापली जातात. तालुकानिहाय आकडेवारी हवी असेल तर अतारांकित प्रश्न अधिक कामाचा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आठ जिल्ह्यांचा तक्ता तोंडी उत्तरात कोणी वाचून दाखवत नाही. धोरण बदलण्याचे आश्वासन हवे असेल तेव्हा मात्र तारांकितच हवा, कारण मंत्र्यांना उपप्रश्नांनी कोंडीत पकडता येते.

लक्षवेधी सूचना, म्हणजे एखाद्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधून त्यावर सभागृहात निवेदन मागणे, हा वेगळा मार्ग आहे आणि तो तातडीच्या, नुकत्याच घडलेल्या घटनेसाठी राखून ठेवावा. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या डेपोवर कचरा टाकण्यास आसपासच्या गावांनी विरोध केला आणि त्या वेळच्या औरंगाबाद शहरात कचऱ्याचे ढीग रस्त्यांवर साचले. मार्चमध्ये मिटमिटा येथे कचरा टाकण्यावरून दगडफेक आणि पोलीस कारवाई झाली. त्याचे पडसाद विधिमंडळात उमटले आणि पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवत असल्याचे सभागृहातच जाहीर झाले. असा प्रसंग प्रश्नाच्या वेळापत्रकात बसत नाही. पण तिथला कचरा अनेक वर्षे साचत होता, आणि त्या शांत वर्षांत विचारायचे प्रश्न साधे अतारांकितच होते.

आधी कागद, मग प्रश्न

प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या काही आठवडे आधी द्यावी लागते. अर्थसंकल्पी अधिवेशन साधारण मार्चमध्ये आणि पावसाळी जून-जुलैमध्ये मुंबईत, तर हिवाळी अधिवेशन डिसेंबरमध्ये नागपुरात भरते. त्यामुळे माहिती गोळा करण्याचे काम अधिवेशनाची बातमी आल्यावर नव्हे, तर दोन-तीन महिने आधी सुरू करावे. माहितीच्या अधिकाराखालील अर्जाला उत्तर देण्याची मुदत ३० दिवस आहे, शुल्क १० रुपये आहे आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आतला असावा लागतो; हे बंधन जाचक वाटले तरी नेमके लिहिण्याची सवय लावणारे आहे.

तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेकडे काय मागावे? अमुक तारखेअखेर प्रलंबित अर्जांची संख्या, अर्ज मंजूर करणाऱ्या तालुका समितीच्या मागील एका वर्षात झालेल्या बैठकांच्या तारखा, आणि मंजूर असूनही ज्यांचे अनुदान थांबले आहे अशांची कारणनिहाय संख्या, एवढे पुरे. लाभार्थ्यांच्या नावांची यादी मागू नये; ती मिळण्यास अडचण येते आणि प्रश्नासाठी तिची गरजही नसते. गावात मात्र स्वतः फिरून पाहावे. ‘निराधारचा पगार’ कोणाचा बंद आहे, हे पारावर बसलेल्या दोन म्हाताऱ्या जितके अचूक सांगतात तितके कोणतेही पोर्टल सांगत नाही. पण त्यांच्या सांगण्याला कागदाची जोड मिळाली तरच ते प्रश्नात टिकते. अनुदान थेट बँक खात्यात जमा होऊ लागल्यापासून आधार जोडलेला नसणे, बोटांचे ठसे न उमटणे, खाते निष्क्रिय होणे आणि हयातीचा दाखला न पोहोचणे ही कारणे वारंवार ऐकू येतात. ती एकाच ‘तांत्रिक कारणास्तव’ या शब्दांत गुंडाळली जाऊ नयेत, म्हणून प्रत्येक कारणाचा वेगळा आकडा मागावा.

प्रश्नाची भाषा

विधिमंडळाच्या प्रश्नाचा एक ठरलेला साचा आहे आणि तो मोडू नये. निराधार योजनेचा मसुदा असा करता येईल :

सन्माननीय सामाजिक न्याय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :
(१) ……… तालुक्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना व श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेचे ……… अर्ज दिनांक ……… अखेर प्रलंबित असल्याचे तहसीलदार यांनी दिनांक ……… रोजीच्या पत्रान्वये कळविले आहे, हे खरे आहे काय ;
(२) असल्यास, त्यांपैकी सहा महिन्यांहून अधिक काळ प्रलंबित असलेल्या अर्जांची संख्या किती व त्याची कारणे काय ;
(३) तसेच, उक्त तालुक्यातील ज्या मंजूर लाभार्थ्यांचे अनुदान आधार संलग्नता, हयातीचा दाखला वा बँक खात्याच्या कारणास्तव थांबले आहे त्यांची कारणनिहाय संख्या किती ;
(४) तसेच, मागील एका वर्षात तालुका समितीच्या बैठका कोणत्या दिनांकांस झाल्या ;
(५) उक्त लाभार्थ्यांची थकीत रक्कम कोणत्या दिनांकापर्यंत जमा करण्यात येणार आहे, नसल्यास विलंबाची कारणे काय ?

या मसुद्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग पहिला आहे. ‘तालुक्यातील निराधारांची उपासमार होत आहे, हे खरे आहे काय’ असे विचारले की ‘हे खरे नाही’ एवढे उत्तर देऊन खाते मोकळे होते, आणि पुढचे सर्व भाग ‘असल्यास’ने सुरू होत असल्याने त्यांच्यापुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे छापले जाते. छापील प्रश्नोत्तरांच्या याद्या चाळल्यास असे वाया गेलेले प्रश्न पानोपानी सापडतील. म्हणून पहिल्या भागात खात्याच्याच पत्राचा आधार द्यावा, जेणेकरून ते नाकारणे म्हणजे स्वतःचे पत्र नाकारणे ठरेल. तिसरा व चौथा भाग मुद्दाम ‘तसेच’ने सुरू केले आहेत, पहिल्याला नकार आला तरी त्यांना उत्तर द्यावेच लागते.

प्रश्न विधानभवनातून मंत्रालयाच्या कार्यासनाकडे, तिथून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आणि अखेर तहसीलच्या त्याच टेबलाकडे येतो, ज्या टेबलासमोर निराधार बाई चकरा मारत असते. कचेरीत ‘एलएक्यू’ (विधानसभा प्रश्न) ‘आला’ म्हटले की जी धावपळ उडते ती पाहिलेल्या माणसाला प्रश्नाचे बळ वेगळे सांगावे लागत नाही. परंतु उत्तर तोच लिपिक तयार करत असल्याने, त्याच्या नोंदवहीत जे रकाने आहेत त्यांचीच माहिती मागणे शहाणपणाचे असते. नोंदवहीत नसलेली माहिती मागितली तर ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असे उत्तर येते.

धोरणाचा प्रश्न याहून वेगळा लिहावा लागतो. संजय गांधी योजना १९८० पासून चालू आहे. अनुदानाची रक्कम जुलै २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये झाली आणि दिव्यांग लाभार्थ्यांसाठी २०२५ मध्ये ती २,५०० करण्यात आली. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा मात्र सर्वसाधारण लाभार्थ्यांसाठी वर्षानुवर्षे २१,००० रुपयेच राहिली, म्हणजे संपूर्ण कुटुंबाने दिवसाला ५८ रुपयांच्या आत भागवले पाहिजे. रोजंदारीवर जाणाऱ्या एकाही माणसाचे घर या मर्यादेत खरेपणाने बसत नाही; त्यामुळे दाखला देणारा, घेणारा आणि तपासणारा हे तिघेही नाइलाजाने एका लटक्या आकड्यावर सह्या करतात. येथे ‘मर्यादा वाढवणार काय’ असे विचारण्यापेक्षा ती शेवटची कोणत्या शासन निर्णयाने ठरली, ती वाढवण्याचा प्रस्ताव वित्त विभागाकडे कोणत्या दिनांकास पाठवला आणि सध्या तो कोणत्या टप्प्यावर आहे, असे विचारावे. ‘बाब शासनाच्या विचाराधीन आहे’ या उत्तराला तारीख मागणारा प्रश्न हाच उतारा असतो.

केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तीवेतनात ६० ते ७९ वर्षे वयासाठी केंद्राचा वाटा २०० रुपये आणि ८० वर्षांपासून पुढे ५०० रुपये एवढाच आहे. हा प्रश्न लोकसभेत लावायचा असतो. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात, आणि सूचना निदान १५ दिवस आधी द्यावी लागते.

कचऱ्याविषयीचा प्रश्न

कचऱ्याच्या निवेदनात दुर्गंधी, माशा आणि भटकी कुत्री यांचे वर्णन असते, जे खरे असले तरी प्रश्नाच्या कामाचे नाही. लातूरचा वरवंटी डेपो असो की नांदेडचा तुप्पा, तिथे विचारण्याजोग्या गोष्टी मोजता येण्याजोग्या आहेत : रोज किती मेट्रिक टन कचरा येतो, त्यातील कितीवर प्रक्रिया होते, आणि उरलेला कुठे जातो. हे तीन आकडे एका ओळीत मागितले की पहिला आणि दुसरा यांतील तफावत आपोआप बोलते. जुन्या साचलेल्या कचऱ्याच्या बायोमायनिंगबाबत (तो उकरून, चाळून, वेगळा करून जागा मोकळी करण्याबाबत) कार्यादेशाची तारीख, कामाची मुदत, आजवर देयक दिलेले टन आणि ते टन कोणी मोजले, हे विचारावे. स्वच्छ भारत मिशनच्या नागरी टप्पा दोनमध्ये, जो ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, जुने डेपो साफ करणे हे स्पष्ट उद्दिष्ट असल्याने मंजूर आणि खर्च झालेल्या निधीचा आकडा शासनाला देता येतोच.

घरच्या कचऱ्याचा भाग अधिक नाजूक आहे. एप्रिल २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा वेगळा देण्याची जबाबदारी नागरिकांवर टाकली. नागरिक ती पाळत नाहीत, अशी नगरपरिषदेची तक्रार असते. पण घरात दोन बादल्या ठेवणाऱ्या बाईच्या डोळ्यांदेखत घंटागाडीत दोन्ही एकाच खणात रिकाम्या होतात, तेव्हा दोष कोणाचा? म्हणून घंटागाडीच्या निविदेत वेगळे खण बंधनकारक होते काय, किती गाड्यांना ते प्रत्यक्षात आहेत आणि अट मोडल्याबद्दल किती दंड वसूल केला, असे विचारावे. कंत्राटदाराचे नाव घेऊन आरोप करणारे वाक्य प्रश्नातून काढून टाकावे. युक्तिवाद, टोमणे आणि बदनामीकारक मजकूर असलेले प्रश्न नाकारले जातात. विषय औरंगाबाद खंडपीठापुढे प्रलंबित असेल, आणि कचऱ्याचे विषय तिथे गेलेले असतातच, तर न्यायप्रविष्ट भाग वगळून निधी आणि वेळापत्रक यांपुरताच प्रश्न ठेवावा.

प्रश्न पोहोचवणे आणि उत्तर हाती आल्यावर

सत्काराच्या कार्यक्रमात, हार घालताना निवेदन हाती देऊ नये. ते गाडीच्या मागच्या सीटवर राहते. मतदारसंघातील कार्यालयात स्वीय सहायकांची भेट घेऊन एका पानाचे पत्र, साच्यातील टंकलिखित प्रश्न आणि आधाराच्या कागदांच्या प्रती द्याव्यात; मजकूर युनिकोडमध्ये असला की तो त्यांना पुन्हा टंकावा लागत नाही. सूचना दाखल झाली का, हे आठवड्याने नम्रपणे विचारावे. प्रश्न स्वीकारण्याचा अधिकार विधानसभेत अध्यक्षांचा आणि परिषदेत सभापतींचा असल्याने नाकारला गेल्यास आमदारांना दोष देऊ नये. कारण समजून घ्यावे आणि पुढच्या अधिवेशनासाठी सुधारावे.

उत्तरांच्या याद्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. उत्तर हाती येताच ते आपल्याकडील माहिती अधिकाराच्या उत्तराशी ताडून पाहावे. ‘हे अंशतः खरे आहे’ असे उत्तर आले तर ते अपयश समजू नये. कोणता अंश मान्य केला आहे, हे त्याखालच्या मजकुरात असते आणि अनेकदा तोच आपल्याला हवा असतो. दोन्ही आकडे जुळत नसतील तर दोन्हींच्या प्रती सदस्यांना द्याव्यात, म्हणजे त्यांना त्या उत्तरावर अर्धा तास चर्चेची मागणी करता येते. मंत्र्यांनी सभागृहात ‘तीन महिन्यांत कार्यवाही करू’ असे म्हटले असेल तर ते आश्वासन ठरते आणि त्याचा पाठपुरावा विधिमंडळाची आश्वासन समिती करते; अशा वेळी आश्वासनाची तारीख आणि नेमके शब्द लिहून ठेवावेत.

छापील उत्तराची प्रत घेऊन तहसीलदारांना भेटणे हा यापुढचा टप्पा, आणि तो बहुतेक लोक विसरतात. ‘अमुक दिनांकापर्यंत थकीत रक्कम जमा करण्यात येईल’ असे शासनाने सभागृहाला सांगितले असेल तर त्या दिनांकानंतरच्या आठवड्यात गावातील पासबुके तपासावीत. ज्यांच्या खात्यात रक्कम आली नाही त्यांची संख्या काढून पुढील प्रश्नाचा पहिला भाग ‘दिनांक ……… रोजी सभागृहास दिलेल्या उत्तरात नमूद केल्यानुसार’ या शब्दांनी सुरू करावा. त्याला ‘हे खरे नाही’ असे उत्तर देणे कोणत्याही खात्याला सोपे जात नाही.